राउटर अपग्रेड केला आणि लिंक बसेना: जुन्या-नव्या आवृत्त्यांची जुळणी कशी करायची

मध्यरात्री ऑफिसमधला मुख्य राउटर अपग्रेड केलात. तो नीट उठला, दिवे हिरवे, टॉवरवरच्या राउटरला पिंगही लागतंय. पण टॉवरवरचा राउटर अजून जुन्याच व्हर्जनवर आहे, आणि त्याच्यामागच्या चारही गावांचं नेट बंद. सकाळी सहाला पहिला फोन येणार.

तालुक्याच्या ठिकाणी ब्रॉडबँड चालवणाऱ्यांकडे, कॉलेजच्या किंवा साखर कारखान्याच्या आयटी विभागात नव्याने लागलेल्या मुलामुलींवर ही वेळ हमखास येते. अशा ठिकाणी सगळे राउटर एका दिवशी कधीच बदलत नाहीत. एक नवा येतो, दोन जुने राहतात, एखादा तर कुणी बसवला तेही आठवत नाही इतका जुना असतो. हा लेख त्यांच्यासाठी आहे. उदाहरण म्हणून मी ओएसपीएफ हा राउटिंग प्रोटोकॉल घेतला आहे, कारण छोट्या आणि मध्यम नेटवर्कमध्ये राउटर एकमेकांना 'माझ्यामागे अमुक नेटवर्क आहे' हे बहुतेक वेळा त्यातूनच सांगतात. बीजीपीबद्दल, म्हणजे वेगवेगळ्या संस्थांची नेटवर्क एकमेकांना मार्ग सांगतात त्या प्रोटोकॉलबद्दल, शेवटाकडे थोडं आहे.

एक गोष्ट आधीच मनात पक्की करा. ओएसपीएफची आज चालते ती दुसरी आवृत्ती आरएफसी २३२८ मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम लिहिलेले दस्तऐवज) लिहिलेली आहे, आणि तो दस्तऐवज एप्रिल १९९८ चा आहे. पंधरा वर्षं जुनं सॉफ्टवेअर आणि काल बाहेर पडलेलं सॉफ्टवेअर, दोघं तीच भाषा बोलतात. बदलतं ते, जे आपण कधी लिहिलंच नव्हतं: डिफॉल्ट. एमटीयू, म्हणजे एका पॅकेटचा जास्तीत जास्त आकार, किती धरायचा, इंटरफेसचा प्रकार कोणता समजायचा, फिल्टरमध्ये काहीच जुळलं नाही तर मार्ग घ्यायचा की टाकायचा. जुन्या व्हर्जनने ते तुमच्यासाठी एका पद्धतीने ठरवलं होतं, नवं दुसऱ्या पद्धतीने ठरवतं. म्हणून 'व्हर्जन जुळत नाही' म्हणून थांबू नका. कोणतं डिफॉल्ट जुळत नाही ते शोधा. ते सापडतं.

परतीची वाट आधी

काहीही बदलायच्या आधी दोन्ही राउटरचं मॉडेल, सॉफ्टवेअरचं पूर्ण व्हर्जन आणि बूटलोडरचं व्हर्जन लिहून घ्या. पूर्ण म्हणजे पूर्ण, 'सातवं आहे' एवढं पुरत नाही. मायक्रोटिकच्या राउटरबोर्डमध्ये राउटरओएस ही ऑपरेटिंग सिस्टीम वेगळी आणि बोर्डवरचं फर्मवेअर वेगळं असतं. पहिलं अपग्रेड केलं म्हणजे दुसरं आपोआप झालं असं नाही, ते वेगळं करून पुन्हा रीस्टार्ट द्यावा लागतो.

मग दोन्हीकडच्या सेटिंगचा वाचता येईल असा मजकूर बाहेर काढा. बायनरी बॅकअप त्याच राउटरवर, त्याच व्हर्जनवर परतायला चांगला. तुलना करायला, दुसऱ्या व्हर्जनवर हाताने उभं करायला मजकुरी एक्स्पोर्टच लागतो. इथे नवख्यांची एक चूक ठरलेली असते. राउटरओएस ६ मध्ये एक्स्पोर्ट केलं की पासवर्ड आणि कीसुद्धा फाइलमध्ये यायच्या, लपवायच्या असतील तर तसं सांगावं लागायचं. ७ मध्ये उलट आहे: कीज लपवलेल्या येतात, हव्या असतील तर 'शो-सेन्सिटिव्ह' सांगावं लागतं. अपग्रेडनंतर राउटर फॅक्टरी रीसेट करायची पाळी आली आणि हातातल्या फाइलमध्ये ओएसपीएफची की नाही, पीपीपीओईचे (ग्राहकांच्या लॉगिनचे) पासवर्ड नाहीत, हे रात्री दोनला कळणं फार वाईट.

दोन्ही राउटरची घड्याळं जुळवा. लहान राउटरमध्ये घड्याळाची बॅटरी नसते, रीस्टार्टनंतर काही जण थेट १९७० सालात उठतात. एनटीपी (नेटवर्कवरून घड्याळ जुळवणारी सेवा) लावलेलं नसेल तर एका बाजूच्या लॉगमधली ओळ दुसऱ्या बाजूच्या कोणत्या ओळीशी जुळते हे सांगताच येत नाही. शिवाय सर्टिफिकेटवर चालणारे व्हीपीएन चुकीच्या तारखेमुळे बंद पडतात आणि दोष व्हर्जनच्या माथी येतो.

आणि आत शिरायचा रस्ता तपासा. तुमचा नवा लॅपटॉप जुन्या राउटरला एसएसएच करायला नकार देऊ शकतो. ओपनएसएसएचने २०१५ मध्ये, ७.० पासून, डिफी-हेलमन ग्रुप १ ही जुनी पद्धत डिफॉल्टमधून काढली, आणि २०२१ मध्ये, ८.८ पासून, एसएचए-१ वर आधारलेली आरएसए सहीही बंद केली. 'नो मॅचिंग की एक्स्चेंज मेथड' किंवा 'नो मॅचिंग होस्ट की टाइप' असा संदेश दिसला तर राउटर बिघडलेला नाही. त्या एका जोडणीपुरती जुनी पद्धत चालू करा, काम झालं की विसरून जा, कायमची चालू ठेवू नका. ब्राउझरमधून जुन्या राउटरचं पान उघडत नसेल तर कारण बहुधा असंच असतं: टीएलएस १.० आणि १.१ आताच्या ब्राउझरनी सोडून दिलं आहे. कन्सोल केबल असेल तर बॅगेत हवीच.

मायक्रोटिकवर काम करत असाल तर टर्मिनलमध्ये कंट्रोल-एक्स दाबून सेफ मोड चालू करा. बदल करताना तुमचीच जोडणी तुटली तर राउटर ते बदल स्वतः मागे घेतो. टॉवरवर रात्री चढण्यापेक्षा ही एक कळ स्वस्त आहे.

ओएसपीएफ पडलं म्हणजे हात तुटला नाही

ही गोष्ट मला कुणीतरी पहिल्याच वर्षी सांगायला हवी होती. ओएसपीएफ बंद पडलं की टॉवरच्या राउटरचा लूपबॅक पत्ता (कुठल्याही एका पोर्टशी न बांधलेला, राउटरचा स्वतःचा आयपी) तुमच्या लॅपटॉपवरून पोचत नाही, आणि माणूस गाडीची किल्ली उचलतो. थांबा. मुख्य राउटर आणि टॉवरचा राउटर एकाच लिंकवर आहेत. त्या लिंकचे दोन्ही आयपी एकाच सबनेटमध्ये आहेत, त्यासाठी कुठल्याही राउटिंगची गरज नाही. आधी मुख्य राउटरमध्ये लॉगिन करा, आणि तिथून पलीकडच्या लिंक-आयपीवर एसएसएच करा. बहुतेक वेळा आत जाता येतं.

म्हणूनच वेगवेगळ्या व्हर्जनच्या नेटवर्कमध्ये अपग्रेडचा क्रम मी असा धरतो: ज्या राउटरच्या शेजारी मी बसलो आहे तो आधी, दूरचा नंतर. जुळलं नाही तर जवळच्याला मागे नेणं माझ्या हातात असतं. उलटा क्रम सांगणारेही अनुभवी लोक आहेत, त्यांचं म्हणणं असं की दूरच्याकडे जायचा रस्ता जवळच्यातून जातो, मग तो रस्ता शाबूत असतानाच दूरचं काम उरकावं. जिथे दूरच्या राउटरला दुसरी वाट आहे, मोबाइल डेटाचा डोंगल किंवा दुसरी लिंक, तिथे तेही पटतं.

खालून वर या

आता खरी तपासणी. वरून, म्हणजे ओएसपीएफच्या सेटिंगपासून, सुरुवात करायचा मोह होतो. खालून या.

लिंक वर आहे का, किती स्पीडवर आहे, डुप्लेक्स काय आहे ते दोन्हीकडे बघा. एका बाजूला १०० एमबीपीएस फुल डुप्लेक्स हाताने बसवलेलं आणि दुसऱ्या बाजूला ऑटो असेल, तर ऑटोवाल्याला स्पीड ओळखता येतो पण डुप्लेक्स कळत नाही, तो हाफवर बसतो. लिंक चालते, पिंग लागतं, पण लोड आला की एरर वाढतात. अपग्रेडनंतर इंटरफेसची नावं बदलली आहेत का, व्हीलॅन त्याच पोर्टवर आहे का, हेही इथेच पाहून घ्या. दोन मिनिटांचं काम आहे.

मग पिंग. पण साधं नाही. साधं पिंग छोट्या पॅकेटचं असतं, ते कुठल्याही फटीतून निघून जातं. पूर्ण १५०० बाइटचं, 'तुकडे करू नको' ही खूण लावून पाठवा. इथेही एक खाच आहे. मायक्रोटिक आणि सिस्को आयओएसवर पिंगचा साइझ १५०० लिहिला की हेडरसकट १५०० बाइटचं पॅकेट जातं. लिनक्स, विंडोज आणि ज्युनिपरवर तुम्ही लिहिता तो आकडा आतल्या मजकुराचा असतो, त्यावर ८ बाइट आयसीएमपीचे आणि २० बाइट आयपीचे चढतात. तिथे १४७२ लिहायचं, म्हणजे एकूण १५०० होतात. हा फरक माहीत नसला की दोन राउटरवरून दोन वेगळे निकाल येतात आणि माणूस चक्रावतो.

पूर्ण आकाराचं पिंग जात नसेल तर ओएसपीएफकडे वळूच नका. आकडा कमी करत जा, कुठपर्यंत जातं ते शोधा, आणि मधल्या रेडिओ, स्विच, मीडिया कन्व्हर्टरकडे बघा.

माझी एक रात्र याच पायरीवर गेली होती, मी ती गाळली म्हणून. अपग्रेडनंतर लिंक 'एक्स्चेंज'मध्ये, म्हणजे ओएसपीएफची जोडणी बांधतानाच्या एका मधल्या अवस्थेत, अडकली होती. दोन्ही राउटरवर एमटीयू १५००. दोन्ही एक्स्पोर्ट शेजारी ठेवून मी ओळ न् ओळ वाचली, नवं व्हर्जन काढून जुनं परत घातलं, तरी लिंक तशीच. पहाटे मोठं पिंग करून पाहिलं तेव्हा कळलं: मधल्या रेडिओच्या जोडीतून १४८० बाइटच्या वर काही जातच नव्हतं. महिनाभरापूर्वी कुणीतरी त्यावर एक सेटिंग बदलली होती. ती काही सेकंदांत लागू झाली, म्हणून चालू असलेली ओएसपीएफ जोडणी तुटली नाही. ग्राहक पीपीपीओईवर १४८० च्या एमटीयूने चालत होते, त्यांनाही काही जाणवलं नाही. अपग्रेडने फक्त राउटर रीस्टार्ट केला, जोडणी पहिल्यापासून बांधायची वेळ आली, आणि महिन्याचा दडलेला दोष वर आला.

असं का होतं ते आकड्यांत बघण्यासारखं आहे. जोडणी बांधताना राउटर एकमेकांना आपल्याकडच्या नोंदींची यादी पाठवतात. या यादीच्या पॅकेटमध्ये २० बाइट आयपीचे, २४ ओएसपीएफचे, ८ या विशिष्ट पॅकेटच्या हेडरचे, असे ५२ बाइट आधीच जातात. नंतरची प्रत्येक नोंद २० बाइटची. १५०० मध्ये ७२ नोंदी मावतात आणि पॅकेट १४९२ बाइटचं होतं. नेटवर्क छोटं असेल, नोंदी पन्नासच्या आत असतील, तर यादी हजार-बाराशे बाइटमध्ये आटोपते आणि १४८० च्या फटीतूनही निघून जाते. नेटवर्क वाढलं की तीच लिंक बसत नाही. 'काल चालत होतं' हे वाक्य म्हणूनच पुरावा ठरत नाही.

नेबरची अवस्था वाचायला शिका

खालचं सगळं ठीक असेल तर नेबरची, म्हणजे ओएसपीएफला दिसणाऱ्या शेजारी राउटरची, यादी उघडा. सिस्कोवर 'शो आयपी ओएसपीएफ नेबर', मायक्रोटिकवर राउटिंगमध्ये ओएसपीएफखाली नेबर. दोन्ही राउटरवर उघडा, एकावर पाहून निष्कर्ष काढू नका. अवस्था कुठे थांबली यावरून दोष कुठे आहे ते जवळजवळ कळतं.

यादीत काहीच नाही: हॅलो पॅकेटच (राउटर ठरावीक वेळाने 'मी आहे' म्हणून पाठवतो ते) पोचत नाही किंवा पोचून नाकारलं जातंय. ओएसपीएफ हे टीसीपी नाही, यूडीपी नाही, ते थेट आयपीवर चालतं, प्रोटोकॉल क्रमांक ८९, आणि हॅलो २२४.०.०.५ या मल्टिकास्ट पत्त्यावर जातात. नव्या व्हर्जनसोबत आलेल्या डिफॉल्ट फायरवॉलने क्रमांक ८९ अडवला आहे का बघा. मधल्या रेडिओवर मल्टिकास्ट गाळण्याची सेटिंग चालू आहे का बघा. इंटरफेस पॅसिव्ह (हॅलो न पाठवणारा) तर झाला नाही ना? हे सगळं ठीक असेल तर हॅलोमधल्या गोष्टी जुळवा: एरिया क्रमांक, हॅलोचा अवधी, डेडचा अवधी (इतका वेळ हॅलो आला नाही तर शेजारी गेला असं धरतात), स्टब आहे की नाही, ऑथेंटिकेशनचा प्रकार, की आणि कीचा आयडी. ब्रॉडकास्ट लिंकवर सबनेट मास्कही जुळावा लागतो. इथेनेटवर हॅलो १० सेकंद आणि डेड ४० हे सर्रास डिफॉल्ट असतं, पण एनबीएमए (ब्रॉडकास्ट नसलेल्या, अनेक राउटरच्या) प्रकारावर ते ३० आणि १२० होतात. ऑथेंटिकेशनमध्ये जुन्या-नव्याची अडचण अशी की एचएमएसी-एसएचए पद्धत २००९ च्या आरएफसी ५७०९ मधून आली. फार जुन्या सॉफ्टवेअरला फक्त एमडी५ माहीत असतं. नव्या बाजूला एसएचए निवडून जुन्या बाजूला एमडी५ ठेवलं तर पासवर्ड अक्षरशः तोच असूनही नेबर दिसणार नाही.

इनिट: ज्याच्याकडे 'इनिट' दिसतंय त्याला समोरच्याचं ऐकू येतंय, पण समोरच्याला याचं ऐकू येत नाही. म्हणजे समोरच्या बाजूची फायरवॉल, किंवा तिकडे जाणारी वाट.

टू-वे: एकाच स्विचवर चार-पाच राउटर असतील तर त्यातल्या काही जोड्या टू-वेवर थांबणं हे बरोबरच आहे. डेझिग्नेटेड राउटर (त्या स्विचवरच्या सगळ्यांच्या वतीने बोलायला निवडलेला) आणि त्याचा बॅकअप सोडून बाकीचे एकमेकांशी पूर्ण जोडणी करत नाहीत. लिंकवर दोनच राउटर असतील आणि तरी टू-वे असेल, तर दोन्हीकडे प्रायॉरिटी शून्य तर नाही ना ते बघा. मग डेझिग्नेटेड राउटर व्हायला कुणीच नसतं.

एक्स्टार्ट किंवा एक्स्चेंज: वेगवेगळ्या व्हर्जनच्या किंवा वेगवेगळ्या कंपन्यांच्या राउटरमध्ये सगळ्यात जास्त भेटणारी अवस्था ही. पहिला संशय एमटीयूवर. हॅलोमध्ये एमटीयू नसतो, म्हणून नेबर आनंदाने दिसतात. यादीच्या पॅकेटमध्ये तो असतो, आणि समोरचा आकडा आपल्यापेक्षा मोठा असेल तर राउटर ते पॅकेट टाकून देतो. दुसरा संशय: दोघांचा राउटर आयडी एकच आहे. एक राउटर दुसऱ्याच्या बॅकअपवरून उभा केला असेल तर हे होतं.

एमटीयूचा आकडा दोन्हीकडे 'सारखा' दिसूनही वेगळा असू शकतो, आणि हे शिकायला मला बराच वेळ लागला. सिस्को आयओएसवर इंटरफेसचा एमटीयू इथेनेटचं हेडर सोडून मोजतात, तिथे १५०० म्हणजे १५००. आयओएस एक्सआर आणि ज्युनिपरवर १४ बाइटचं हेडर धरून मोजतात, म्हणून त्यांचा डिफॉल्ट १५१४ दिसतो. कुणी हौसेने दोन्हीकडे ९००० लिहिलं, तर एकाचा आयपी एमटीयू ९००० होतो आणि दुसऱ्याचा ८९८६. सेटिंगच्या ओळी तंतोतंत सारख्या, लिंक एक्स्टार्टमध्ये. म्हणून सेटिंगमधला आकडा वाचू नका, इंटरफेसची चालू माहिती दाखवणाऱ्या आज्ञेतला आयपी एमटीयू वाचा.

'एमटीयू-इग्नोर' नावाची सोय अनेक राउटरवर आहे आणि ती लावली की लिंक लगेच बसते. कृपा करून ती कायमचा उपाय म्हणून लावू नका. तपासणी बंद होते, मर्यादा तशीच राहते. मोठं अपडेट आलं की ते गळतं, आणि तेव्हा दोष शोधणं आजच्यापेक्षा अवघड असतं, कारण मधल्या काळात तुम्हीच त्याची खूण पुसलेली असते. सकाळपर्यंत लोकांना नेट द्यायचं आहे म्हणून एका रात्रीपुरती लावली तर समजू शकतो. मग वहीत लिहा आणि दुसऱ्या दिवशी काढा.

फुल (जोडणी पूर्ण), पण मार्ग नाहीत: नवख्याला सगळ्यात जास्त छळणारी अवस्था. नेबर फुल आहे, लॉगमध्ये तक्रार नाही, राउटिंग टेबल रिकामं. कारणं बहुधा दोन. एक, नेटवर्कचा प्रकार: एका बाजूला ब्रॉडकास्ट, दुसऱ्या बाजूला पॉइंट-टू-पॉइंट. दोन्हींचे हॅलो-डेड १० आणि ४० असल्याने नेबर फुलपर्यंत जातात. पण दोघं एकाच लिंकचं वर्णन वेगवेगळ्या प्रकारे करतात, नकाशातले दोन तुकडे जुळत नाहीत, आणि त्या लिंकपलीकडचे मार्ग गणितातून गळतात. दोन राउटरची लिंक असेल तर दोन्हीकडे पॉइंट-टू-पॉइंट स्वतःच्या हाताने लिहा.

दुसरं कारण फिल्टर.

राउटरओएस ६ आणि ७ एकत्र असतील तर

आपल्याकडच्या छोट्या सेवादात्यांकडे हे मिश्रण खूप दिसतं, म्हणून वेगळं लिहितो. सातव्या पिढीची पहिली स्थिर आवृत्ती, ७.१, डिसेंबर २०२१ मध्ये आली. त्यात राउटिंगचा भाग नव्याने लिहिलेला आहे. सहामधल्या 'नेटवर्क' आणि 'इंटरफेस' या दोन जागांऐवजी ओएसपीएफला आता 'इंटरफेस-टेम्प्लेट' आहे, आणि आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ चं ओएसपीएफ एकाच मेनूमध्ये आलं आहे. अपग्रेड करताना जुनी सेटिंग आपोआप नव्या रूपात येते. तरी टेम्प्लेट उघडून प्रत्येक इंटरफेसचा प्रकार, कॉस्ट आणि ऑथेंटिकेशन डोळ्यांनी बघा.

फिल्टरकडे विशेष लक्ष द्या. सहामध्ये फिल्टरच्या साखळीत कुठलाही नियम लागू झाला नाही तर मार्ग स्वीकारला जायचा. सातमध्ये साखळीचा शेवट नकारात होतो. 'एवढे दोन मार्ग अडव' असे दोनच नियम लिहिलेली जुनी साखळी नव्या राउटरवर हाताने उतरवलीत आणि शेवटी स्वीकाराचा नियम घातला नाही, तर सगळेच मार्ग अडतात. फिल्टरची लेखनपद्धतही बदलली आहे, नियम आता 'इफ' लावून वाक्यासारखा लिहितात. त्यामुळे सहाच्या एक्स्पोर्टमधल्या फिल्टरच्या ओळी सातमध्ये चिकटवून चालत नाहीत. सहाशी जोडणी करायला सातला अडचण नाही. आपण सहाच्या सवयी सातमध्ये नेतो तिथे अडतं.

प्रयोग करायला राउटर विकत घ्यायची गरज नाही. मायक्रोटिकचं सीएचआर हे व्हर्च्युअल रूप फुकट परवान्यात प्रत्येक इंटरफेसला १ एमबीपीएसची मर्यादा ठेवून चालतं. ओएसपीएफ शिकायला ती मर्यादा आड येत नाही. जीएनएस३ या नेटवर्क सिम्युलेटरमध्ये एक सहाचा, एक सातचा आणि लिनक्सवर एफआरआर या राउटिंग सॉफ्टवेअरचा असे तीन उभे करा आणि वर सांगितलेला प्रत्येक बिघाड मुद्दाम करून पाहा. एक्स्टार्ट एकदा स्वतः घडवून आणलं की पुढे ते लगेच ओळखता येतं.

अजूनही कळत नसेल तर पॅकेट पकडा

दोन्ही राउटरवर त्या इंटरफेसचं कॅप्चर घ्या आणि वायरशार्क या पॅकेट वाचायच्या प्रोग्रॅममध्ये उघडा. दोघांचे हॅलो शेजारी ठेवा. एरिया, अवधी, मास्क, पर्याय, ऑथेंटिकेशनचा प्रकार, सगळं तिथे उघड लिहिलेलं असतं. सेटिंगची फाइल राउटरला काय सांगितलं ते दाखवते, तारेवरचं पॅकेट तो प्रत्यक्षात काय बोलतोय ते दाखवतं. मिश्र व्हर्जनमध्ये माझा भरवसा दुसऱ्यावर असतो. जुन्या, कमी ताकदीच्या राउटरवर डीबग चालू करून विसरू नका, प्रोसेसर शंभर टक्क्यांवर जाऊन चालू असलेल्या लिंकही पडतात.

बदल एका वेळी एकच करा, केलेली वेळ लिहा, परिणाम बघायला डेड इंटरव्हलपेक्षा जास्त, म्हणजे निदान मिनिटभर थांबा. काही फरक पडला नाही तर तो बदल मागे घ्या आणि मगच दुसरा करा. पाच बदलांनंतर लिंक बसली तर कशाने बसली ते कुणालाच कळत नाही.

बीजीपीचं थोडक्यात

बीजीपी टीसीपीच्या १७९ पोर्टवर चालतं. 'अॅक्टिव्ह' अवस्था दिसली की नवखा खूश होतो, पण तिचा अर्थ राउटर अजून जोडणीच्या प्रयत्नात आहे, जोडणी झाली की 'एस्टॅब्लिश्ड' दिसतं. फार जुनं सॉफ्टवेअर असेल तर त्याला ३२ बिटचे एएस क्रमांक (बीजीपीत प्रत्येक नेटवर्कला मिळालेला ओळख क्रमांक) कळत नाहीत. ते मोठ्या क्रमांकाच्या जागी २३४५६ दाखवतं. हा क्रमांक त्यासाठीच राखून ठेवलेला आहे, कुणाचा हल्ला नव्हे. आणि २०१७ च्या आरएफसी ८२१२ नुसार, बाहेरच्या शेजाऱ्याशी कुठलंही धोरण लिहिलेलं नसेल तर राउटरने मार्ग घ्यायचे नाहीत आणि द्यायचेही नाहीत. जुन्या व्हर्जनवर धोरणाशिवाय चालणारं सेशन एफआरआरच्या नव्या आवृत्तीवर जोडलेलं दिसतं आणि एकही मार्ग येत नाही, ते यामुळे.

व्हर्जनमधला फरक किती दूर जाऊ शकतो याचे दोन दाखले जगाने पाहिले आहेत. १६ फेब्रुवारी २००९ ला चेक प्रजासत्ताकातल्या एका छोट्या नेटवर्कमध्ये प्रीपेंडची (मार्ग लांब दिसावा म्हणून स्वतःचा क्रमांक त्यात पुन्हा जोडायची) सेटिंग करताना स्वतःचा एएस क्रमांक ४७८६८ टाकला गेला. सिस्कोवर त्या जागी एएस क्रमांक लिहितात, त्यांच्या मायक्रोटिकवर मात्र ते 'किती वेळा' विचारत होतं. सॉफ्टवेअरने त्या आकड्याचे खालचे आठ बिट घेतले आणि क्रमांक २५२ वेळा जोडला. तो मार्ग पुढे पसरताना २५५ च्या पलीकडे लांबला, आणि जगभरातल्या काही जुन्या सिस्को आयओएस राउटरची सेशन धडाधड रीसेट होऊ लागली. दुसरा दाखला २७ ऑगस्ट २०१० चा: राइप एनसीसी (युरोपात आयपी आणि एएस क्रमांक वाटणारी संस्था) आणि ड्यूक विद्यापीठाच्या प्रयोगात एक नवी, पण नियमात बसणारी बीजीपी नोंद पाठवली गेली. आयओएस एक्सआरच्या काही आवृत्त्यांनी ती पुढे पाठवताना मोडली, आणि पुढच्या राउटरनी मोडकी नोंद पाहून सेशनच तोडली. नोंद बिघडलेली असेल तर सेशन तोडण्याऐवजी तेवढा मार्ग गाळावा, हा नियम २०१५ च्या आरएफसी ७६०६ मध्ये लिहिला गेला. तुमच्या जुन्या राउटरचं सॉफ्टवेअर २०१५ च्या आधीचं असेल, तर त्याला हा शहाणपणा नसेल असं धरून चाला.

मदत मागताना

कंपनीच्या सपोर्टला किंवा जाणत्या मित्राला 'अपग्रेडनंतर चालत नाही' एवढंच पाठवलं तर पहिले दोन दिवस प्रश्नोत्तरांत जातात. दोन्ही बाजूंची व्हर्जन, दोन्ही एक्स्पोर्ट कीज काढून, नेबरची अवस्था दोन्हीकडून, मोठ्या पिंगचा निकाल, वेळ जुळलेले लॉग आणि एक मिनिटाचं कॅप्चर, एवढं एकदम द्या. आणि चेंजलॉग वाचताना फक्त शेवटच्या व्हर्जनचा वाचू नका. ७.६ वरून ७.१२ वर गेला असाल तर मधल्या प्रत्येक आवृत्तीतल्या ओएसपीएफच्या ओळी वाचा, तुमची ओळ तिथेच कुठेतरी असण्याची शक्यता मोठी.

लिंक फुल झाली, गावांचं नेट आलं, तरी त्याच रात्री अजून एक काम करा. थोडं थांबून, कुणी वापरात नसताना, आधी जवळचा आणि मग दूरचा राउटर मुद्दाम एकदा रीस्टार्ट करा आणि जोडणी कुणाच्या मदतीशिवाय पुन्हा बसते का ते पाहा. बसली की दोन्ही एक्स्पोर्ट नव्याने काढा, कीजसकट, तारीख घालून ठेवा, आणि टॉवरच्या पेटीत राउटरवर चिठ्ठी चिकटवा: व्हर्जन, आयपी एमटीयू, नेटवर्कचा प्रकार, लिंक-आयपी. पुढच्या वेळी तिथे उभा राहणारा माणूस तुम्ही नसालही.